तळटीप : ‘वेग कमी पडला आणि विमान आपटलं’

१. ‘वेग कमी पडला आणि विमान आपटलं’ : सावकाश आलेलं विमान हलकेच टेकेल, असं वाचकाला वाटणं साहजिक आहे. पण पंखांची उचल वेगाच्या वर्गावर ठरते. पंखांचा कोन तोच राहून वेग १० टक्के घटला, तर उचल १९ टक्के घटते. चार आसनी सेस्ना १७२ फ्लॅप पूर्ण उघडल्यावर साधारण ४८ नॉटला, म्हणजे ताशी ८९ किलोमीटरला, स्टॉल होतं (पंखांची उचल कोसळते).​ म्हणून उतरताना त्याच्या १.३ पट, ६२ नॉटच्या आसपास, वेग राखतात. त्याखाली गेलेला वैमानिक धावपट्टीजवळ नाक उचलतो खरं, पण घसरण थोपवायला उचल उरलेली नसते. अशा वेळी नाक आणखी ओढणं घातक; इंजिनाला जोर द्यावा, नाहीतर सरळ पुन्हा वर जावं. लेखकाने हे सांगायला हवं होतं.

इथे मोजायचा तो वेग हवेतला, जमिनीवरचा नव्हे. उदाहरणार्थ, पेडण्याचा मोपा विमानतळ सड्यावर आहे. अशा उंच, उघड्या जागी समोरचा वारा एकाएकी १० नॉटने पडला, तर हवेतला वेग दाखवणारा काटाही क्षणभरात तेवढाच उतरतो. — संपा.