फुलांची पट्टी आणि प्राप्तिकराची फाईल

मुदखेड हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरच्या या जंक्शनातून आदिलाबादचा फाटा फुटतो. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे आणि भोवतालचे शिवार फुलशेतीसाठी ओळखले जाते. रेल्वेतील नोकरी, शाळेतील पगार किंवा निवृत्तिवेतन आणि जोडीला गुलाब, मोगरा, गलांडा यांचा पैसा, असे दुहेरी उत्पन्न अशा गावातील घरांत आढळते. पगाराचा कागद नियोक्ता तयार करून देतो. फुलांच्या पैशाचा कागद मात्र ज्याचा त्यानेच सांभाळावा लागतो, आणि प्राप्तिकराच्या बहुतेक अडचणी या दुसऱ्या कागदापाशी सुरू होतात.

सन २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य घरोघरी पोहोचले. त्याचा अर्थ मात्र पुरता पोहोचला नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत करमुक्त मर्यादा चार लाख रुपयांची आहे. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा लाखांवर १० टक्के, बारा ते सोळा लाखांवर १५ टक्के असे पुढचे टप्पे आहेत. बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्याचा कर आधी काढला जातो आणि मग जास्तीत जास्त ६० हजार रुपयांची सूट देऊन तो शून्यावर आणला जातो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याच्या बाबतीत हा आकडा पावणेतेरा लाखांपर्यंत जातो. सूट आणि करमुक्त मर्यादा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न चार लाखांपलीकडे गेले की कर शून्य येवो अथवा न येवो, विवरणपत्र भरावेच लागते.

या भेदाचा फटका नेमका पगार आणि शेती असे दोन्ही उत्पन्न असणाऱ्याला बसतो. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, हे खरे. परंतु ते पाच हजार रुपयांहून अधिक असेल आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरविण्यासाठी ते मोजले जाते. समजा, एका शिक्षकाचे प्रमाणित वजावटीनंतरचे करपात्र वेतन अकरा लाख रुपये आहे. शेती नसती तर त्यांचा कर ५० हजार रुपये झाला असता आणि सुटीमुळे तो शून्यावर आला असता. पण त्यांच्या मोगऱ्याच्या मळ्याचे निव्वळ उत्पन्न तीन लाख रुपये आहे. आता हिशेब असा होतो: दोन्ही उत्पन्ने मिळून चौदा लाख, त्यावरील कर ९० हजार. त्यातून शेतीचे तीन लाख आणि करमुक्त मर्यादेचे चार लाख अशा सात लाखांवरील कर, म्हणजे १५ हजार, वजा करायचा. उरले ७५ हजार. सूट मिळते ती ६० हजारांचीच. म्हणजे १५ हजार रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून १५ हजार ६०० रुपये भरावे लागतात. वेतन आठ लाख आणि शेती दोन लाख असती, तर याच रीतीने कर ३० हजार आला असता आणि सुटीत तो पूर्ण विरला असता. म्हणून 'शेतीला कर नाही, तर ती दाखवायची कशाला' हा सल्ला कोणी दिला तरी स्वीकारू नये. शेती उत्पन्न पाच हजारांहून अधिक असेल, तर पगारदारांचे नेहमीचे आयटीआर-१ हे सोपे विवरणपत्रही चालत नाही. आयटीआर-२ भरावे लागते, आणि शेती उत्पन्न पाच लाखांवर गेल्यास जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती एकर, स्वतःची की खंडाची, बागायती की जिरायती, हेही त्यात लिहावे लागते.

शेती उत्पन्न कशाला म्हणायचे?

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राजा बिनय कुमार सहस राय यांच्या प्रकरणात याची कसोटी घालून दिली. जमिनीची मशागत, पेरणी, लागवड अशी मूलभूत कामे माणसाच्या श्रमाने जमिनीवर झालेली असली पाहिजेत. पीक खाण्याचेच असले पाहिजे, अशी अट नाही. त्यामुळे स्वतःच्या शेतातील फुले तोडून बाजारात विकणे हे निर्विवाद शेती उत्पन्न होय. दुसऱ्याकडून फुले घेऊन विकणे हा व्यापार झाला आणि तो करपात्र. स्वतःच्याच फुलांचे हार करून दुकानात विकले, तर उत्पन्न दोन भागांत विभागते: फुलांच्या बाजारभावाएवढी रक्कम शेतीची, वरचा नफा धंद्याचा. गुलकंदालाही हाच न्याय. रोपवाटिकेतील रोपांचे उत्पन्न २००८ च्या वित्त अधिनियमाने शेती उत्पन्न मानले गेले आहे. जमीन खंडाने दिली तर खंडही शेती उत्पन्नातच येतो. ट्रॅक्टर भाड्याने दिल्याचे पैसे किंवा दुधाचे उत्पन्न मात्र शेती उत्पन्न नव्हे. गावात या दोहोंना सर्रास शेतीतच मोजतात.

उत्पन्न करमुक्त आहे असे जो म्हणतो, ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची असते. त्यासाठी सातबारा उतारा हा पहिला कागद, पण तो पुरेसा नाही. सातबारा जमीन दाखवितो, पैसा दाखवित नाही. त्यावरील पीकपाहणीच्या नोंदीत सोयाबीन असेल आणि विवरणपत्रात फुलांचे तीन लाख असतील, तर प्रश्न उपस्थित होणारच. राज्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकऱ्याला ही नोंद मोबाईलवरून स्वतः करता येते. ती दर हंगामात करून घ्यावी. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा कागद म्हणजे अडत्याची पट्टी. वजन, भाव, अडत, हमाली आणि हाती आलेली रक्कम या चिठोऱ्यावर असते. तोडणीच्या दिवसांत रोज एक पट्टी येते आणि बहुधा खिशातच विरघळते. महिन्याच्या पट्ट्या एका पाकिटात घालून वर महिना व एकूण रक्कम लिहिण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. तिसरा कागद खर्चाचा: रोपे, खते, फवारणी, ठिबक, तोडणीची मजुरी, वाहतूक. मजुरीची पावती मिळत नाही, म्हणून साध्या वहीत तारीख, काम, मजूरसंख्या आणि दिलेली रक्कम टिपून ठेवावी. शाईने, त्या त्या दिवशी लिहिलेली वही वर्षाअखेरीस एका बैठकीत उतरवलेल्या वहीपेक्षा नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटते.

अलीकडे आणखी एक गुंता वाढला आहे. जमीन वडिलांच्या नावावर, फुलांचे पैसे मात्र मुलाच्या मोबाईल क्रमांकावर यूपीआयने येतात आणि मुलगा नोकरदार असतो. त्याच्या खात्यात वर्षभर पडलेल्या या लहान लहान रकमा कोणाच्या, हे तीन वर्षांनी सांगणे अवघड जाते. पैसे वडिलांच्या खात्यातच घ्यावेत. ते शक्य नसेल तर मुलाने ते दर महिन्याला वडिलांच्या खात्यात वर्ग करावेत. वडिलांनी मुलाला पैसे दिले तर नातेवाइकाकडून मिळालेली भेट म्हणून त्यावर कर नाही, पण ती भेट आहे हे एका साध्या सहीच्या पत्रात लिहिलेले बरे. सातबारावर चार भावांची नावे असतील, तर उत्पन्नही हिश्शाप्रमाणे विभागूनच दाखवावे. रोखीचेही बंधन लक्षात ठेवावे: एका व्यक्तीकडून एका दिवशी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. बचत खात्यांत वर्षभरात दहा लाख किंवा अधिक रोख भरली गेल्यास बँक ती माहिती प्राप्तिकर खात्यास कळविते. स्रोत न सांगता आलेल्या रकमेला ना टप्प्यांचा लाभ मिळतो, ना सुटीचा. तिच्यावर विशेष जड दराने कर लागतो.

व्याज, निवृत्तिवेतन, जमीन

खात्याकडे पोहोचलेली माहिती नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, करदात्यालाही पाहता येते. विवरणपत्र भरण्यापूर्वी ते फॉर्म १६ आणि २६एएस यांच्याशी ताडून पाहावे. चुकांत सर्वाधिक असते ती मुदतठेवींच्या व्याजाची. २०२५-२६ मध्ये बँकेचे व्याज वर्षाला ५० हजारांपर्यंत, ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत एक लाखापर्यंत असेल, तर बँक उद्गम करकपात करीत नाही. कर कापला नाही म्हणजे व्याज करमुक्त झाले असे नव्हे. ते उत्पन्नात धरावेच लागते.

कुटुंब निवृत्तिवेतनाचेही तसेच. पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारी ही रक्कम वेतन नसून 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' ठरते. म्हणून ७५ हजारांची वजावट तिला लागू नाही. नव्या प्रणालीत तिचा एकतृतीयांश भाग किंवा २५ हजार, यांतील कमी रक्कम वजा होते. सशस्त्र दलांतील, निमलष्करी दले धरून, कर्तव्यावर असताना विहित परिस्थितीत वीरमरण आलेल्या जवानाच्या कुटुंबाचे निवृत्तिवेतन मात्र पूर्ण करमुक्त आहे. प्रशिक्षण केंद्र असलेल्या गावात ही तरतूद ठाऊक असावयास हवी.

जमीन विकताना नगरपालिकेची हद्द पाहावी. गावाची लोकसंख्या दहा हजारांहून अधिक व एक लाखाच्या आत असेल, तर नगरपालिका हद्दीत आणि हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरपर्यंत असलेली शेतजमीन भांडवली मालमत्ता ठरते आणि तिच्या विक्रीवरील नफ्याला कर लागतो. मुदखेड याच गटात येते. लोकसंख्या एक ते दहा लाख असलेल्या नांदेड महानगराभोवती ही कक्षा सहा किलोमीटरची आहे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या अशा नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीबाबत निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्के हाही पर्याय मिळतो. बारा लाखांपर्यंतची सूट या नफ्याला लागू होत नाही. येथे वीस-तीस वर्षांपूर्वीचे खरेदीखत, वाटणीपत्र, विहीर खोदल्याची बिले यांना रोख किंमत असते, कारण मूळ किंमत सिद्ध झाली नाही तर नफा फुगतो.

किती वर्षे जपावे?

प्राप्तिकर अधिनियम १९६१ मध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून झालेल्या बदलानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यानंतर साधारणतः सव्वातीन वर्षांपर्यंत, आणि दडलेले उत्पन्न ५० लाख किंवा अधिक असल्यास सव्वापाच वर्षांपर्यंत, जुने प्रकरण पुन्हा उघडण्याची नोटीस देता येते. त्यामुळे आर्थिक वर्ष संपल्यापासून सात वर्षे कागद ठेवले म्हणजे पुरते. मालमत्तेचे कागद ती विकेपर्यंत आणि त्यानंतर आणखी सात वर्षे ठेवावेत. १ एप्रिल २०२६ ही प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू होण्याची तारीख आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी २०२५-२६ आणि त्याआधीच्या वर्षांचे हिशेब जुन्या कायद्यानेच होतात. म्हणून जुन्या फायली बाद झाल्या असे समजू नये.

वेतनपावत्या फॉर्म १६ मिळाल्यावर फेकल्या जातात, ही चूक आहे. नियोक्त्याने पगारातून कर कापला पण सरकारजमा केला नाही, तर २६एएसमध्ये तो दिसत नाही आणि करदात्याला मागणीची नोटीस येते. कापला गेलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही, असे कायदा सांगतो. पण कापल्याचा पुरावा म्हणून वेतनपावती आणि बँकेत जमा झालेली निव्वळ रक्कम दाखवावी लागते. एटीएमच्या व दुकानातील गुळगुळीत कागदावरच्या पावत्या वर्षभरात कोऱ्या होतात, त्यांची छायाप्रत काढावी. मराठवाड्यातील जुन्या घरांत वाळवीचाही विचार करून लोखंडी पेटी बरी.

परतावा मिळवून देतो म्हणून खोट्या वजावटी भरणारे सल्लागार लहान गावांतही पोहोचले आहेत. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०२५ मध्ये अशा बनावट दाव्यांविरुद्ध देशभर तपासणी केली. विवरणपत्रावरील जबाबदारी सल्लागाराची नसून करदात्याची असते. बहुतेक नोटिसा आता ई-मेल व मोबाईलवर येतात आणि खात्याच्या नोंदीत सल्लागाराचाच क्रमांक असेल, तर करदात्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. आपला क्रमांक नोंदविलेला आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. विवरणपत्र पाठविल्यावर ३० दिवसांत त्याचे ई-पडताळणीही करावी लागते.

मागील वर्षाचे व्याज किंवा शेती उत्पन्न दाखवावयाचे राहून गेले असेल, तर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते. जितका उशीर, तितका जादा कर: पहिल्या वर्षी कर व व्याजाच्या २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७० टक्के. परतावा मागण्यासाठी या सोयीचा उपयोग होत नाही. करदात्याचे निधन झाले असेल, तर त्याचे विवरणपत्र वारसाला भरावे लागते. त्यासाठी ई-फायलिंग संकेतस्थळावर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करताना मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा लागतो.