नवख्या राष्ट्राला अभय : ऑनलाइन राष्ट्रबांधणीच्या खेळांतील प्रवेशाचा इतिहास

ऑनलाइन राष्ट्रबांधणीचा खेळ म्हणजे ज्यात शेकडो वा हजारो खेळाडू एकाच काल्पनिक जगात स्वतःचे एकेक राष्ट्र स्थापन करतात, त्याचा कर, व्यापार, कायदे व सैन्य यांचा कारभार रोज थोडाथोडा पाहतात आणि इतरांच्या राष्ट्रांशी करार किंवा युद्ध करतात, असा खेळ होय. बुद्धिबळाचा डाव मोडून पुन्हा मांडता येतो. या प्रकारातील बहुतेक खेळ मात्र वर्षानुवर्षे अखंड चालू राहतात, आणि त्यामुळे आज दाखल होणारा खेळाडू अशा जगात पाऊल ठेवतो जिथे इतरांनी कित्येक वर्षे आधीच खजिना साठवलेला आणि करारमदार केलेले असतात. अशा विषम जगात नवख्याला उभे कसे करावे, हा प्रश्न या खेळांच्या रचनाकारांना आणि जुन्या खेळाडूंना आरंभापासून पडला, आणि त्याची जी उत्तरे त्यांनी शोधली त्यांतूनच या खेळांतील संस्था, संरक्षणाचे नियम, प्रबोधिन्या व करारपद्धती घडत गेल्या.

राज्यकारभाराचे हिशेब यंत्रापुढे बसून शिकवण्याचा पहिला ठळक प्रयोग शाळेसाठी झाला. न्यूयॉर्क राज्यातील शिक्षिका मेबल अ‍ॅडिस यांनी आयबीएम कंपनीच्या सहकार्याने 1964 च्या सुमारास 'द सुमेरियन गेम' रचला. त्यात विद्यार्थी प्राचीन लगाश नगरीचा राजा होई. राजाचा कारभारी टेलिप्रिंटरवर लोकसंख्या, लागवडीखालील जमीन, आलेले पीक व कोठारातील धान्य यांचा अहवाल देई आणि त्यातले किती धान्य प्रजेला खाऊ घालायचे, किती बियाण्यासाठी ठेवायचे व किती साठवायचे हे त्या मुलाला ठरवावे लागे. याच कल्पनेवर डग डायमेंट यांनी 1968 मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तो डेव्हिड आल यांनी बेसिक भाषेत आणल्यावर 'हमुराबी' या नावाने जगभर पसरला. इथे नवख्याला समजावून सांगणारा कोणी तरी, म्हणजे तो कारभारी, खेळातच बसवलेला होता हे लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु राजा एकटाच होता, त्याला शेजारी नव्हते.

शेजाऱ्यांचे राजकारण दुसऱ्या प्रवाहातून आले. अ‍ॅलन कॅल्हॅमर यांनी 1954 मध्ये आखलेला आणि 1959 मध्ये विक्रीस आलेला 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ 1901 सालच्या युरोपातील सात सत्तांचा आहे. त्यात फासे नाहीत. सर्व खेळाडू आपापले हुकूम कागदावर लिहून एकाच वेळी उघड करतात, आणि म्हणून खेळाचा सारा जीव हुकूम लिहिण्याआधीच्या खलबतांत असतो. 1963 मध्ये जॉन बोर्डमन यांनी हा खेळ टपालाने चालवण्यास आरंभ केला, तेव्हा एकमेकांना कधीही न भेटलेले लोक महिनोन्‌महिने पत्रांतून तह करू व मोडू लागले. पुढच्या ऑनलाइन खेळांतील मुत्सद्देगिरीचा घाट इथेच पडला, असे म्हणण्यास हरकत नाही. तथापि 'डिप्लोमसी'त नवख्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण रशियाला मिळणारे एक जादा केंद्र वगळता सर्वांची सुरुवात समसमान असते आणि डाव कधी ना कधी संपतो.

हिशेब आणि शेजारी हे दोन्ही एकत्र आणले ते 'एम्पायर' या खेळाने. पीटर लँगस्टन यांनी 1972 च्या सुमारास अमेरिकेतील एव्हरग्रीन स्टेट कॉलेजमध्ये तो एका मिनिकॉम्प्युटरवर उभा केला. रीड कॉलेजमध्ये खेळल्या जाणाऱ्या त्याच नावाच्या पटावरच्या खेळावरून त्याचे नाव घेतले होते. त्याच्या पुढील युनिक्स आवृत्त्यांत नवे राष्ट्र 'सँक्च्युअरी' म्हणजे अभयस्थानाच्या अवस्थेत जन्मते. त्या अवस्थेत त्याच्या दोन भूखंडांवर कोणालाही हल्ला करता येत नाही, पण राष्ट्रालाही बाहेर पाऊल टाकता येत नाही. खेळाडू 'ब्रेक' ही आज्ञा देतो तेव्हाच अभय सुटते आणि विस्तार सुरू होतो. मराठी वाचकाला या व्यवस्थेचा जवळचा दाखला मराठेशाहीच्या महसुलात सापडेल. ओसाड गाव पुन्हा वसवण्यासाठी येणाऱ्या कुळांना सरकार कौल देई, पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेई आणि इस्ताव्याच्या पद्धतीने तो वर्षागणिक चढवत पूर्ण दरावर नेई. नव्याने आलेल्याला आधी जगू द्यावे आणि मग त्याच्याकडून पूर्ण अपेक्षा धराव्यात, हा शहाणपणा दोन्हीकडे एकच आहे.

टेलिफोनच्या तारेवरून एका यंत्राला जोडून घेण्याच्या बुलेटिन बोर्डांच्या काळात हा शहाणपणा मोजमापाच्या नियमात बसवला गेला. अमित पटेल यांच्या 'सोलर रिअ‍ॅल्म्स एलिट' या 1990 च्या खेळात आणि त्याच परंपरेतील मेहुल पटेल यांच्या 'बॅरन रिअ‍ॅल्म्स एलिट'मध्ये खेळाडूला दिवसाला ठरावीक पाळ्या मिळत आणि पहिल्या काही पाळ्यांपुरते त्याच्यावर आक्रमण करता येत नसे. मेहुल पटेल यांनीच पुढे वेबवर आणलेल्या 'युटोपिया'मध्ये नव्या खेळाडूचा प्रांत अनोळखी लोकांच्या एका राज्यात टाकला जाई, आणि त्या राज्याचा राजा प्रांतांच्या मतांनी ठरे. म्हणजे संरक्षणाच्या जोडीला आता तयार सोबतीही मिळू लागले.

2002 हे वर्ष या इतिहासातील निर्णायक वळण आहे. ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी आपल्या 'जेनिफर गव्हर्नमेंट' या आगामी कादंबरीची प्रसिद्धी म्हणून 13 नोव्हेंबर 2002 रोजी 'नेशनस्टेट्स' सुरू केला. राष्ट्र स्थापन करताना खेळाडू नाव, ध्वज, ब्रीदवाक्य, चलन व राष्ट्रीय प्राणी निवडतो, काही राजकीय प्रश्नांना उत्तरे देतो आणि त्यावरून त्याच्या राष्ट्राची प्रकृती ठरते. त्यानंतर त्याच्यापुढे रोज 'इश्यू' म्हणजे निर्णयासाठी आलेले प्रसंग येतात. प्रत्येक प्रसंगात परस्परविरोधी सल्ले मांडलेले असतात, त्यांपैकी एक स्वीकारावा किंवा सारेच फेटाळावेत, आणि त्या निर्णयांचे परिणाम नागरी हक्क, अर्थव्यवस्था व राजकीय स्वातंत्र्य या तीन मापांवर दिसत राहतात. एका राष्ट्राला दुसऱ्याचा नाश करता येत नाही. सलग 28 दिवस खेळाडू फिरकला नाही तर मात्र राष्ट्र आपोआप नाहीसे होते. संरक्षणाचा प्रश्न बॅरी यांनी असा मुळातूनच निकालात काढला, आणि त्यामुळे नवख्यासमोरचा खरा प्रश्न जगण्याचा न राहता जगात आपले स्थान कोणते, असा झाला.

हे स्थान ठरते ते प्रदेशांमुळे. कित्येक वर्षे प्रत्येक नवे राष्ट्र 'द पॅसिफिक', 'द नॉर्थ पॅसिफिक' अशा मोजक्या प्रदेशांतच जन्म घेत असे; खेळाडू त्यांना 'फीडर' म्हणतात, कारण साऱ्या जगाला नव्या राष्ट्रांचा पुरवठा तेथून होई. जन्मल्याबरोबर राष्ट्राच्या टपालपेटीत इतर प्रदेशांची आमंत्रणे येऊन पडतात; कोणी लोकशाहीचे आश्वासन देतो, कोणी संरक्षणाचे, कोणी नुसत्या गप्पांचे. नवखा हा या जगातील सर्वांत दुर्मीळ कच्चा माल आहे, हे जुन्या खेळाडूंनी फार लवकर ओळखले होते. बॅरी यांनी 'युनायटेड नेशन्स' नावाची जागतिक सभा खेळात ठेवली होती. खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने नावाला हरकत घेतल्यावर 2008 मध्ये ती 'वर्ल्ड असेंब्ली' झाली. या सभेत प्रत्येक व्यक्तीचे एकच राष्ट्र सदस्य होऊ शकते, सदस्य राष्ट्रे आपल्या प्रदेशातील दुसऱ्या सदस्याला अनुमोदन देतात आणि ज्याला सर्वाधिक अनुमोदने मिळतात तो त्या प्रदेशाचा प्रतिनिधी होतो. फीडर प्रदेशांना संस्थापक नसल्याने तेथील प्रतिनिधिपद ही सर्वोच्च सत्ता असते. 2003 मध्ये 'फ्रँकोस स्पेन' नावाच्या राष्ट्राने 'द पॅसिफिक'चे हे पद ताब्यात घेतले आणि तेथून 'न्यू पॅसिफिक ऑर्डर' ही शिस्तबद्ध संघटना उभी राहिली. नवखी राष्ट्रे जिथे जन्मतात ती जागा धरली की सत्ता हाती येते, हा धडा त्या संघटनेने इतरांना दिला.

हीच संघटना जानेवारी 2006 मध्ये सुरू झालेल्या 'सायबर नेशन्स' या खेळात गेली आणि तेथे काही वर्षे तिचा दबदबा राहिला. 'नेशनस्टेट्स'मध्ये नसलेले युद्ध इथे होते, आणि म्हणून प्रवेशाच्या प्रथाही इथेच सर्वांत खोल रुजल्या. नव्या राष्ट्राच्या वाट्याला एकूण एकवीस साधनसंपत्तींपैकी कोणत्याही दोन येतात: समजा, कोळसा आणि मासे. त्याने प्रजेला हवी ती शासनपद्धती ओळखून स्वीकारावी, कर गोळा करावा, देणी भागवावीत, पायाभूत सुविधा विकत घ्याव्यात. पण खरी भरभराट व्यापारातच असते. चार आणि बंदर बांधल्यावर पाच राष्ट्रांशी व्यापारकरार करता येतात. त्यामुळे सहा राष्ट्रांनी नीट ठरवून वर्तुळ बांधले तर प्रत्येकाला बारा साधनसंपत्ती मिळतात आणि त्यांच्या संयोगातून अधिक लाभ होतो. कोळसा व लोखंड मिळून पोलाद होते. लाकूड, लोखंड, संगमरवर व अ‍ॅल्युमिनियम मिळून बांधकाम साधते. एकट्या नवख्याला असे वर्तुळ जुळवणे जवळपास अशक्य असते, आणि आघाडी म्हणजे खेळाडूंची अलायन्स त्याच्यासाठी हे काम करते.

आघाडीचा दुसरा लाभ म्हणजे अभय. ज्या राष्ट्राच्या नावापुढे कोणत्याही आघाडीचे नाव नसे, ते 'टेक रेड' या लुटारू हल्ल्यांना बळी पडे, कारण त्याचा सूड घेणारे कोणी नसे. आघाडीचे नाव ही केवळ एका रकान्यात टंकलेली अक्षरे होती. ती कोणालाही टंकता येत असल्याने परवानगीविना दुसऱ्याचे नाव लावणाऱ्यांना 'घोस्ट' म्हणत आणि आघाड्या त्यांचा रीतसर शोध घेत. अस्सल प्रवेशासाठी अर्ज करावा लागे, सनद वाचावी लागे आणि अनेक आघाड्यांत प्रबोधिनीची परीक्षाही द्यावी लागे. त्यानंतर येई तो 'टेक डील'. मोठ्या राष्ट्राला तंत्रज्ञान महाग पडे आणि लहानाला स्वस्त. म्हणून मोठे राष्ट्र नवख्याला 30 लाख डॉलर पाठवी आणि नवखा त्या पैशाने तंत्रज्ञान घेऊन 50-50 एककांच्या दोन हप्त्यांत परत करी. मदतीची प्रत्येक जागा दहा दिवस अडकून राहत असल्याने हे व्यवहार काटेकोर वेळापत्रकाने चालत. यात नवख्याचे शोषण होते, असा आक्षेप घेता येईल, पण तो पुरता टिकत नाही. मोठ्याला स्वस्त तंत्रज्ञान मिळे हे जितके खरे, तितकेच लहानाला दुसरीकडे कुठेही न मिळणारे भांडवल आणि त्याबरोबर एक ओळखीचा माणूस मिळे हेही खरे.

2014 मध्ये आलेल्या 'पॉलिटिक्स अँड वॉर'ने हे अभय पुन्हा खेळाच्या नियमात आणले. तेथे नवे राष्ट्र 'बेज' म्हणजे फिकट मातकट रंगाचे असते आणि त्या रंगात असेपर्यंत त्याच्यावर युद्ध पुकारता येत नाही. युद्धात हरलेल्या राष्ट्रालाही काही काळ तोच रंग मिळतो. नवखा आणि पराभूत यांना एकाच आसऱ्याखाली ठेवण्याचा हा विचार या परंपरेतील सर्वांत उदार नियम आहे.

या साऱ्या प्रथांची साधने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत. 'एम्पायर'च्या एका महत्त्वाच्या युनिक्स आवृत्तीचा मूळ सोर्स कोड लोकांना दिलाच गेला नव्हता, आणि पुढच्या मंडळींना चालता प्रोग्रॅम उलगडून तो खेळ पुन्हा लिहावा लागला. आघाड्यांच्या सनदा, प्रबोधिन्यांच्या प्रश्नपत्रिका आणि नवख्यांसाठी जुन्यांनी रात्री जागून लिहिलेल्या मार्गदर्शिका यांचे तर सोर्स कोडइतकेही जतन झालेले नाही. त्या ज्या संकेतस्थळांवर होत्या ती बंद पडली की त्याही गेल्या. ज्यांच्या संगणकात अशी कागदपत्रे अजून पडून आहेत, त्यांनी ती पुसण्याआधी एखाद्या सार्वजनिक संग्रहाकडे सोपवावीत.