पांझरेचे पाट आणि फडाची रीत

देवळाचे काम निघाले म्हणजे वर्गणी कोणी किती द्यावी, गाड्या कोणी जुंपाव्यात, हिशेब कोणी ठेवावा, हे सारे गावास बसून ठरवावे लागते. खानदेशातील कित्येक गावांना असे बसून ठरविण्याची सवय देवळापुरतीच नव्हती. त्यांनी नदीचे पाणी वाटून घेण्याची एक रीत बसविली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालविली. तिलाच फड पद्धत म्हणतात.

धुळे जिल्ह्यातील पांझरा नदी साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात उगम पावते व धुळे शहरावरून पुढे जाऊन मुडावद येथे तापीस मिळते. या नदीवर, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर, दगडी बंधाऱ्यांची साखळीच उभी राहिली. ही पद्धत तीनचारशे वर्षांची जुनी मानली जाते. बंधारे उंचीने बेताचेच. पाणी साठविणे हा त्यांचा हेतूच नव्हे. पात्रातील पाणी थोडे वर उचलून काठच्या पाटात घालावयाचे, उरलेले बंधाऱ्यावरून खाली जाऊ द्यावयाचे, की ते पुढच्या गावाच्या बंधाऱ्यास मिळे. पाटाचे पाणी उताराने आपोआप शेतात पोहोचे; मोट नको, मोटेचे बैल नकोत.

बंधारा बांधणे हे गवंड्याचे काम झाले. खरे कसब पुढेच आहे. पाटाखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीस थळ म्हणत. थळाचे बहुधा तीन किंवा चार भाग पाडीत, तेच फड. एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यावयाचे, असा दंडक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात भात, तिसऱ्यात गहू किंवा हरभरा, आणि दरवर्षी ही पिके फिरती ठेवावयाची. कोणाच्या मनात आले म्हणून त्याने गव्हाच्या फडात ऊस लावला, असे चालत नसे. वरवर पाहता ही शेतकऱ्यावर जबरदस्तीच वाटेल. पण गव्हाच्या शेजारी ऊस आला की उसाचे पाणी पाझरून गहू पिवळा पडतो, हे कोणत्याही बागायतदारास सांगावयास नको. शिवाय सगळ्या फडाला एकाच वेळी पाणी लागे, म्हणून चाऱ्यांतून वाया जाणारे पाणी वाचे. पीक फिरते राहिल्याने जमीन खारवून जाण्याचे भयही कमी होई.

यातील सर्वांत मोठी खुबी निराळीच होती. बहुतेक खातेदारांची जमीन एकाच ठिकाणी नसून प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे उसाचा फड कोणताही ठरो, उसाचा थोडा वाटा जवळजवळ प्रत्येकाच्या पदरी येई, आणि पाणी तुटल्यामुळे एखादा फड पडीक ठेवावा लागला तर तोटाही सर्वांचाच होई. पडीक कोणता फड ठेवावयाचा ही गोष्ट लागवडीच्या आधीच ठरत असे, पीक वाळू लागल्यावर नव्हे. आज तुकड्या तुकड्यांची शेती हा दोष समजला जातो व बऱ्याच अंशी तो आहेही. फडात मात्र या तुकड्यांनीच भांडणे मिटविली, असे म्हणावयास हरकत नाही.

शेतकऱ्याने स्वतः पाण्यास हात लावावयाचा नाही, हा दुसरा दंडक. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. तो ओळीने एकेक शेत भिजवीत जाई. शेत कोणाचे आहे हे पाहण्याचे त्याला कारण नसे. पाटकऱ्यांवर हवालदार, आणि उभ्या पिकाची गुराढोरांपासून व चोरापासून राखण करण्यास जागल्या. ही सगळी माणसे बागायतदारांनी नेमलेली, त्यांचा मोबदलाही बागायतदारच देत. वर देखरेखीस पंच. हंगामापूर्वी पाटातला गाळ काढावयाचा असे, तेव्हा प्रत्येकाने आपल्या जमिनीच्या मानाने माणसे द्यावयाची. ज्याला काम चुकवावयाचे त्याला दंड.

या रीतीचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र झाकता कामा नये. पाण्यावरचा हक्क जमिनीस बांधलेला होता. ज्याची जमीन थळाबाहेर, किंवा ज्याला जमीनच नाही, त्याला भरल्या पाटाच्या काठाने चालत जाऊन दुसऱ्याच्या उसात मजुरी करावी लागे. व्यवस्था न्यायाची होती, पण ती आतल्यांपुरती.

राज्ये बदलली तरी पाट वाहत राहिले. 1802 साली यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला, पाठोपाठ दुष्काळ पडला, गावेच्या गावे ओस पडली. माणसे गेली म्हणजे पाट कोण साफ करणार? 1818 साली इंग्रजी अंमल आला, तेव्हा या मुलखाची घडी नव्याने बसवावी लागली. पुढे तरुण इंजिनिअर विश्वेश्वरय्या 1884 साली मुंबई सरकारच्या नोकरीस लागले आणि लवकरच त्यांना पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी नेण्याचे काम धुळ्याकडे करावे लागले. नंतर नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. तीतही पिकांचे ठराविक गट व फेरपालट होती. फडाशी तिचे साम्य नजरेत भरण्यासारखे आहे. फरक इतकाच की तेथे नियम सरकारचे, येथे गावाचे.

फडाची घडी अलीकडच्या काळात विसकटली. नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली, बंधाऱ्यांकडे येणारे पाणी घटले. विहिरींवर विजेचे पंप बसले. ज्याच्या विहिरीस पाणी, त्याला पंचांचे ऐकण्याची गरज उरली नाही. त्याने आपल्या वावरात मनास येईल ते लावले. एकाने दंडक मोडला की शेजाऱ्यासही तो पाळणे परवडत नाही. काही बंधाऱ्यांवर पद्धत तग धरून राहिली, पुष्कळ ठिकाणी पाट गाळाने भरले.

महाराष्ट्र सरकारने 2005 साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. त्याप्रमाणे पाणी वापर संस्थेस पाणी मोजून द्यावयाचे आणि संस्थेच्या हद्दीत त्याची वाटणी सभासदांनीच करावयाची, असे ठरले. पांझरेकाठच्या म्हाताऱ्या बागायतदारास यात नवे एवढेच वाटेल की, पाणी आता मोजून मिळावयाचे आहे.