दार उघडे ठेवण्याची आपली रीत : शिळा सण, मलिदा आणि मंडळींच्या भेटीगाठी



परदेशात राहणारी आपली कुटुंबे एक अडचण वरचेवर बोलून दाखवतात. शहरात आपली आठ-दहा घरे आहेत, पण मशीद नाही, हज्जान नाही, हॉल भाड्याने घ्यायचा तर वर्गणी काढावी लागते, आणि वर्गणीचे नाव काढले की निम्मी मंडळी येत नाहीत. मग जमायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. आपली पहिली मशीद मुंबईत १७९६ साली उभी राहिली. त्याआधी कोकणात आपल्या किती पिढ्या गेल्या! त्या साऱ्या काळात मशीद नव्हती, मंडळ नव्हते, अध्यक्ष-सेक्रेटरी नव्हते. तरीही जमात टिकली. ती घरांतून टिकली.

आपली आडनावे पाहा. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, किहीमकर. कुलाबा जिल्ह्यातल्या गावागावांत आपली थोडीथोडी घरे विखुरलेली होती. एका गावात शंभर घरे नसत, कुठे दोन, कुठे चार. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी आपल्याला शनिवार तेली म्हणत. मिन्यानला दहा पुरुष हवेत, पण शेमा म्हणायला दहा पुरुष लागत नाहीत. घरातला एक माणूसही शेमा म्हणू शकतो. इब्रानी प्रार्थना विसरल्या गेल्या होत्या, तरी शेमा राहिला. सुंता असो, लग्न असो, मयत असो, प्रत्येक वेळी शेमा म्हटला जाई. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम, सणवार हे सगळे घराच्या उंबऱ्याच्या आतले होते.

सणांची जुनी मराठी नावेही घराकडेच बोट दाखवतात. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण ही चुलीजवळची नावे आहेत. त्यांतली एक जोडी आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. योम किप्पूरला आपले पूर्वज दारफळणीचा सण म्हणत. त्या दिवशी दारे लावून, पांढरे कपडे घालून, उपास करून माणसे घरातच राहत. दुसऱ्या दिवशी असे शिळा सण. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दानधर्म होई, आणि माणसे एकमेकांच्या घरी भेटायला जात. देवाशी हिशेब पुरा झाला की लगेच शेजारधर्म! ही भेट आगाऊ ठरवलेली नसे आणि तिला पैसेही लागत नसत. वर्षाच्या कॅलेंडरातच भेटीचा एक दिवस राखून ठेवलेला होता. कोणी बोलावले नाही म्हणून गेलो नाही, असे म्हणायला त्या दिवशी जागाच नव्हती.

दुसरी रीत मलिद्याची. ती आजही आपल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. नवस फेडायचा असो, लग्नाआधीचा समारंभ असो, नवे घर असो, आजारातून कोणी उठलेले असो, इलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो. त्यात लागते काय? भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, थोडा सुका मेवा, आणि वर फळे. महाग असे काही नाही. कोकणातल्या तेल्याला परवडत होते तेच आजही परवडते. मधोमध एक ताट, त्याच्याभोवती माणसे. इलियाहू हन्नाबीचे गाणे, झाडाच्या फळाची बेराखा, जमिनीच्या फळाची बेराखा, आणि मग ताटातले सगळ्यांच्या हातावर. लहान मुलालाही तेच मिळते आणि घरच्या म्हाताऱ्यालाही तेच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला, जिथे इलियाहू हन्नाबीच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत असे आपण मानतो, तिथेही लोक हीच सामग्री घेऊन नवस फेडायला जातात.

मग मुंबई आली. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी शाआर हराहमीम बांधली, तीच आपली जुनी मशीद. पुढच्या शतकात शाळा निघाली, मासिके निघाली, मंडळे निघाली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ साली सुरू केलेली शाळा पुढे सर एली कदूरी स्कूल झाली. १८८० च्या दशकात मुंबईत आपली कीर्तने सुरू झाली. अब्राहामाची, योसेफाची, मोशेची कथा मराठीत, गाण्यांसकट. इब्रानी न कळणाऱ्या बाईमाणसालाही तोरातली गोष्ट कळू लागली. लोक कीर्तनाला का जमले, याचे हे साधे कारण आहे : जे चालले आहे ते त्यांना समजत होते.

१९१७ साली बेने इस्राएल परिषद भरली, आणि लगेच पुढारी मंडळींत फूट पडून १९१८ साली ऑल इंडिया इस्रायलाइट लीग वेगळी निघाली. दोन्हीकडे शिकलेली, तळमळीची माणसे होती, आणि दोन्हींनी शिक्षणाचे, समाजसुधारणेचे प्रश्न मांडले. पण एवढ्याशा जमातीत दोन व्यासपीठे झाली. आज दोन्ही अभ्यासकांच्या पुस्तकांत राहिली आहेत, आणि मलिदा मात्र अश्दोदपासून लंडनपर्यंत चालू आहे. संस्था काढू नयेत असे मी म्हणत नाही. संस्थेला ठराव लागतात, पदाधिकारी लागतात, आणि पद आले की मानापमानही येतो. घरच्या ताटाला यातले काहीच लागत नाही.

इथवरचे वाचून छाती फुगत असेल, तर आता एक कडू गोष्टही सांगायला हवी. आपले दार सगळ्यांसाठी उघडे नव्हते. आपल्यातच गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. ज्यांच्या घराण्यात बाहेरची आई आली असे मानले जाई, त्यांना काळे म्हणत. त्यांच्याशी बेटीव्यवहार नव्हता, आणि जुन्या काळी रोटीव्यवहारही नव्हता. एकच शेमा, एकच शब्बाथ, पण पंगत वेगळी. जातींच्या शेजारात राहून आपण जे शिकलो, त्यातले हेही एक. खर्च शून्य असला म्हणून बैठक सगळ्यांची होत नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याची आजी कोण असे विचारले, की फुकटचा मलिदाही त्याच्या घशाखाली उतरत नाही.

हाच प्रश्न पुढे आपल्यालाच विचारला गेला. १९४८ नंतर आपली माणसे इस्राएलला आली. लोद, रामला, अश्दोद, बेर शेवा, दिमोना, येरुहाम अशा ठिकाणी वस्ती झाली. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या : बेने इस्राएल वधू-वराची आई, आईची आई, जितके मागे जाता येईल तितके तपासा. पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते सांगणाऱ्या लोकांना लग्नासाठी आजीचा दाखला मागितला गेला. मग आपली माणसे जेरुसलेमला जमली. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसकट तिथे ठाण मांडून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेतच्या खास बैठकीत बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असे मान्य झाले, आणि महिनाअखेरीस सूचनांतून आपल्या जमातीचे नाव काढले गेले.

आपण हा लढा अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवा. पण गोऱ्या-काळ्याची गोष्ट आणि १९६४ ची गोष्ट एकाच ओळीत ठेवून वाचली पाहिजे. पहिल्या गोष्टीत आपण दारात उभे राहून चौकशी करत होतो. दुसरीत आपण दाराबाहेर होतो. उंबऱ्याच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या जमातीने बैठक कशी भरवावी, हे तिला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही.

आज आपल्या घरांत मोरोक्कोची सून आहे, रशियन जावई आहे, इंग्लंडमध्ये वाढलेली नातवंडे आहेत, ज्यांना मराठीत ‘ये’, ‘बस’, ‘जेवलास का’ एवढेच कळते. कोणाचा घटस्फोट झाला आहे, कोणी दहा वर्षांत एकाही सणाला आलेले नाही. बैठकीत ‘तुम्ही कोणापैकी?’ हा आपला पहिला प्रश्न असतो. प्रेमानेच विचारला जातो, पण काहींना त्यात तपासणी ऐकू येते. त्याऐवजी ताटलीत मलिदा वाढावा. ओळख आपोआप निघते, गावाचे नाव निघते, आणि अर्ध्या तासात कोणी तरी कोणाचा मामेभाऊ ठरतोच!

तेव्हा ज्यांच्या शहरात आठच घरे आहेत त्यांनी हॉलची वाट पाहू नये. महिन्यातला एक दिवस कायमचा धरावा, शब्बाथ सुटल्यानंतरचा धरला तर गाडी चालवून येणाऱ्यांचीही सोय होते. घर पाळीने बदलावे. ज्याचे घर त्याने पोहे-खोबरे करावे, बाकीच्यांनी जमले तर एकेक फळ आणावे, न आणले तरी कोणी मोजू नये. कथा किंवा गाणे मराठीत व्हावे आणि दोन वाक्यांत मुलांच्या भाषेत सांगावे, कारण कीर्तन चालले ते कळत होते म्हणून. आणि मागच्या खेपेला जे आले नाहीत, त्यांना वहीतल्या नावावर खूण करून सोडू नये, फोन करावा. शिळ्या सणाला आपले पूर्वज चालत जात होते, आपल्याला तर नुसता फोन उचलायचा आहे.

येत्या योम किप्पूरनंतरचा दिवस त्यासाठी चांगला आहे. त्याचे नाव आपल्या आज्यांनी आधीच ठेवून दिले आहे.

शालोम.