लॅटिनचे वारस

लॅटिन ही मृत भाषा आहे, असे सगळे सांगतात. पण बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे काढलेल्या माणसाचा ‘मृत’ या शब्दावर फारसा भरवसा उरत नाही. खातेदार गेला म्हणून खाते थोडेच संपते? उलट खरी गर्दी तेव्हापासूनच! वारस येतात. लॅटिनच्या खात्यावरही असे वारस उभे आहेत : इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन, शिवाय कातालान, सार्दिनियन वगैरे मंडळी.

गंमत म्हणजे वारसा मिळाला तो सिसेरोच्या भरजरी लॅटिनचा नव्हे, तर शिपाई-व्यापाऱ्यांच्या बाजारी लॅटिनचा. याचा पुरावा ठेवलाय एका मास्तरांनी. त्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पण 227 नोंदींची त्यांची शुद्धिपत्रिका ‘अपेंडिक्स प्रोबी’ म्हणून प्रसिद्ध आहे. आरशाला ‘स्पेकुलुम’ म्हणा, ‘स्पेक्लुम’ नव्हे. कानाला ‘आउरिस’ म्हणा, ‘ओरिक्ला’ नव्हे. गरम म्हणजे ‘कालिदा’, ‘काल्दा’ नव्हे! ऐकतोय कोण? आज इटलीत आरसा ‘स्पेक्क्यो’, कान ‘ओरेक्क्यो’ आणि ‘काल्दा’ तर जशीच्या तशी. मास्तरांनी लाल शाईने खोडलेल्या नोंदीच पुढच्या पानावर ओढल्या गेल्या. शेवटी 813 साली फ्रान्समधल्या तूरच्या धर्मसभेलाच ठराव करावा लागला, की प्रवचने लोकांना कळतील अशी त्यांच्या गावठी बोलीत सांगा!

बरे, हे वारस खरे कशावरून? नुसता चेहरा जुळून भागत नाही, हिशेब जुळावा लागतो. किल्लीला लॅटिनमध्ये ‘क्लाविस’. तिची इटालियनमध्ये ‘क्यावे’, स्पॅनिशमध्ये ‘यावे’, पोर्तुगीजमध्ये ‘शावे’ झाली. आता हाक मारणे, म्हणजे ‘क्लामारे’, घ्या : ‘क्यामारे’, ‘यामार’, ‘शामार’. शब्द बदलला, तरी फरक त्याच रकान्यात त्याच आकड्याने! याला योगायोग म्हणत नाहीत, याला घराणे म्हणतात.

इंग्रजीचे तसे नाही. तिच्या शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द फ्रेंच-लॅटिनकडून आलेले. पण पाणी, हात, आई हे घरातले शब्द जर्मनच्या गोत्रातले. कर्ज कितीही उचलले, तरी सावकाराच्या मिळकतीवर वारस म्हणून नाव लागत नाही. आणि स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क? दोन हजार वर्षांचा शेजार, पण पत्रिका जगात कोणाशीच जुळत नाही.

आपणही थोडे कर्जदारच. गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा ‘शावे’चा उच्चार ‘च’ने होत असे, तीच आपली चावी. बँकेची तिजोरी रोज तिनेच उघडते. मास्तरांना हे कळते, तर त्यांनी तातडीने 228वी नोंद केली असती : ‘क्लाविस’ म्हणा, ‘चावी’ नव्हे!