धोक्याचा माल आणि गोदीचे नियम

मुंबईच्या गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं झालेल्या स्फोटाची कथा निघाली, कीं आकाशांतून पडलेल्या सोन्याच्या विटांचा विषय प्रथम निघतो. 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर लक्षावधि पौंडांचें सोनें होतें, तेव्हां हें साहजिकच आहे. परंतु त्याच जहाजाच्या पोटांत काय ठेवलें होतें, आणि तें कशावर ठेवलें होतें, हा भाग सोन्याइतका झगझगीत नसला तरी अधिक विचार करण्याजोगा आहे.

युद्धापूर्वीं स्फोटक पदार्थ घेऊन आलेल्या जहाजाला मुंबईच्या गोदींत प्रवेश नसे. त्यानें बाहेर समुद्रांत नांगर टाकावा, व माल पडावांतून उतरवून घ्यावा, असा दंडक होता. धोक्याचा माल असल्याची खूण म्हणून जहाजावर तांबडें निशाण लावावें, हा दुसरा नियम. दारूगोळा आणि चटकन् पेट घेणारे पदार्थ एकमेकांच्या सान्निध्यांत ठेवूं नयेत, हा तिसरा. वरवर पाहतां ह्या बाबी कारकुनी वाटतात. पण पहिला नियम वस्तीपासून अंतर राखतो, दुसरा शेजाऱ्यांना सावध करतो, आणि तिसरा आगीला खाद्य मिळूं देत नाहीं. एक चुकला तर दुसरा सांवरून घेईल, अशी ही योजना असते.

महायुद्धांत जहाजांची टंचाई आणि बंदरांत गर्दी. पहिला दंडक सैल करण्यांत आला. बाकीचे दोन कोणी रद्द केले नाहींत. ते नुसते पाळले गेले नाहींत.

'फोर्ट स्टिकीन' २४ फेब्रुवारी १९४४ रोजीं बर्कनहेडहून निघालें. त्यावर तोफगोळे, पाणसुरुंग इत्यादि १,३९५ टन स्फोटक माल होता. कराचीस कांहीं माल उतरल्यावर रिकाम्या झालेल्या जागेंत कापसाच्या सुमारें ८,७०० गासड्या आणि तेलाचीं पिंपें भरण्यांत आलीं. कप्तान नेस्मिथ यांना तें पसंत नव्हतें. परंतु रिकामी जागा घेऊन जहाज चालविणें युद्धकाळांत कोणास परवडणार? दुसऱ्या क्रमांकाच्या खणांत खालीं कापूस आणि वर स्फोटकें, अशी रचना झाली. चुलीवर दारूचें पिंप मांडण्यासारखाच हा प्रकार होय.

१२ एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया गोदींत लागलें. तांबडें निशाण चढलें नाहीं. स्फोटकें उतरविण्यास विलंब झाला. १४ तारखेच्या दुपारीं खणांतून धूर दिसला, तेव्हां तीं बहुतांशीं जहाजावरच होतीं. आग बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटनें लागली असावी. धूर प्रथम दिसला त्या वेळीं कोणीं मनावर घेतलें नाहीं. आगीची हांकाटी झाली ती दोनच्या सुमारास.

पुढचा प्रकार विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. मोठ्या आगीसाठीं टेलिफोनवरून द्यावयाचा निराळा संकेत ठरलेला होता. पण टेलिफोन जमेना, म्हणून आगीच्या सूचनापेटीची कांच फोडण्यांत आली. त्यामुळें बंबखात्याकडे पोंचली ती साध्या आगीची सूचना, आणि आले दोन बंब. अधिक बंब मागाहून आले. पाण्याचे बत्तीस झोत सुरू झाले, सुमारें नऊशें टन पाणी खणांत गेलें, आणि त्या पाण्यावर जळता कापूस तरंगत वर, स्फोटकांकडे सरकला. खणांत वाफ सोडून आग गुदमरविण्याची सोय मात्र वापरली गेली नाहीं. जहाज बाहेर ओढून न्यावें कीं तेथेंच बुडवावें, याचा खल चालला. जहाजाचा कप्तान, बंबाचे अधिकारी, गोदीचे अधिकारी, लष्कराचा दारूगोळातज्ज्ञ, सारे हजर होते. शेवटचा शब्द कोणाचा, एवढेंच ठरलेलें नव्हतें. दुपारीं चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आंत दुसरा झाला. कप्तान नेस्मिथ मृतांत होते.

हें सारें अभूतपूर्व होतें, असें म्हणतां आलें असतें तर बरें झालें असतें. कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत ६ डिसेंबर १९१७ रोजीं 'माँ-ब्लाँ' हें दारूगोळ्यानें भरलेलें जहाज दुसऱ्या जहाजाशीं टक्कर होऊन पेटलें व फुटलें. पाऊणदोन हजारांवर माणसें मेलीं. तेथेंही युद्धापूर्वीं अशा जहाजांना आंतल्या बंदरांत मज्जाव होता, आणि तो युद्धासाठींच उठविला होता. त्याही जहाजावर तांबडें निशाण नव्हतें, कारण शत्रूच्या पाणबुड्यांना तें दिसावयास नको होतें. सत्तावीस वर्षांनीं तेच दोन नियम, त्याच सबबीखालीं, मुंबईंत बाजूस सारले गेले!

मुंबईंतील मृतांची संख्या निरनिराळी दिली जाते. ती सातशेंहून कमी कोणीच देत नाहीं. चौकशी झाली तेव्हां दारूगोळ्याखालीं ठेवलेला कापूस, न लावलेलें निशाण, उतरणीस झालेला विलंब, न वापरलेली वाफ आणि उशिरा दिलेली वर्दी, ह्या गोष्टी दोषास्पद ठरल्या. गोदी पुन्हां चालू करण्यासाठीं आठ हजार माणसें सात महिने राबलीं. सुमारें पांच लक्ष टन मलबा हलवावा लागला. बंबखात्याचे ६६ लोक कामावर असतांना मेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आतां देशभर अग्निशमन सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो.