कोटी : दरबारांतली आणि घरांतली



धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा हें माझें गांव. तेथील स्थानकावर एस. टी. ची गाडी येऊन थांबली, कीं कंडक्टर दार उघडून ओरडतो, “लोहारा! लोहारा!” माझे वडील गाडींत असले, तर शेजारच्या प्रवाशाकडे वळून ते न चुकतां म्हणत, “बिचारा केव्हांचा हांका मारतो आहे, पण तो लोहार कांहीं ओ देत नाहीं!” नवखा प्रवासी हंसे, जुना कपाळाला हात लावी, आणि मी खिडकीबाहेर पाहूं लागें. ही कोटी मीं लहानपणीं ऐकली, मॅट्रिक झाल्यावर ऐकली, आणि स्वतः मास्तर झाल्यावरहि ऐकली. वडील 2006 सालीं वारले. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं उमरग्याहून परत येतांना कंडक्टरनें तीच आरोळी दिली, आणि तें वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलें. माझ्या मुलानें कपाळाला हात लावला. मला मात्र वडील शेजारीं येऊन बसल्यासारखें वाटलें.

ज्या विनोदाला आपण पांचट म्हणतों, ज्याचा शेवट आधींच ठाऊक असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो कसा? हा प्रश्न तेव्हांपासून माझ्या मनांत आहे. आज त्या निमित्तानें कोटीचा थोडा इतिहास आपणांपुढें ठेवतों.

या बाबतींत आमच्या मराठवाड्याचा वारसा फार जुना आहे. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें रचलेल्या ‘कथासरित्सागरां’त प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाची एक आख्यायिका आहे. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. अंगावर उडणाऱ्या पाण्यानें दमलेल्या एका राणीनें ‘मोदकैः’ हा शब्द योजून त्याला विनंती केली. तिच्या मनांत ‘मा उदकैः’, म्हणजे ‘पाण्यानें नको’, असें होतें. राजाला संधि सोडवितां आला नाहीं. त्यानें तत्काळ मोदक आणविले! राणी हंसली, परिवारांतील माणसें हंसलीं, आणि राजा लाजेनें खोलींत जाऊन पडला. त्याला व्याकरण शिकविण्याची गोष्ट निघाली, तेव्हां गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षें लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. पैज लागली आणि गुणाढ्य हरला. त्यामुळें संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही त्याला सोडाव्या लागल्या, व पुढें त्यानें आपली ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेंत लिहिली. शर्ववर्म्याच्या नांवावरील ‘कातंत्र’ व्याकरण नंतर कित्येक शतकें शिकविलें गेलें. ही आख्यायिका आहे, हें उघडच आहे. तरी एक न समजलेला शब्द एका व्याकरणाच्या आणि एका कथाभांडाराच्या मुळाशीं असावा, असें आपल्या पूर्वजांना सांगावेंसें वाटलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

आलंकारिकांनीं या प्रकाराला ‘श्लेष’ असें नांव देऊन त्याचे दोन भेद केले. शब्द फोडला असतां दुसरा अर्थ निघतो तो सभंग श्लेष. ‘मोदकैः’ हें त्याचें उदाहरण. शब्द न फोडतां दोन अर्थ निघतात तो अभंग श्लेष. आमचा ‘लोहारा’ या वर्गांत बसतो. वडिलांना हें ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें, तर त्यांनीं कंडक्टरकडे भाड्यांत सूट मागितली असती! सुबंधूनें ‘वासवदत्ते’त अक्षराअक्षरांत श्लेष साधल्याची प्रौढी मिरविली, आणि कविराजानें ‘राघवपाण्डवीय’ काव्यांत एकाच श्लोकमालिकेंतून रामायण आणि महाभारत अशा दोन कथा सांगितल्या. ही विद्या अद्‌भुत खरी, पण ती समजावयाला टीकाकार जवळ घेऊन बसावें लागे.

‘कोटी’ हा शब्दहि पाहण्यासारखा आहे. शंभर लाख म्हणजे कोटी, धनुष्याचें टोंक म्हणजे कोटी, आणि न्यायशास्त्रांत संशयाच्या दोन बाजूंनाहि कोटी म्हणतात. अंधारांत दिसतें तो खांब कीं माणूस, असा मनाचा झोका जसा दोन बाजूंना जातो, तसाच तो शब्दकोटी ऐकतांना क्षणभर दोन अर्थांमध्यें जातो. दोन्ही अर्थ एकदम हातीं लागले, कीं हंसूं येतें.

मराठींत हा खेळ कवींनीं मोठ्या प्रेमानें खेळला. मोरोपंतांनीं (1729–1794) ओष्ठ्य वर्ण वगळून ‘निरोष्ठ रामायण’ रचलें, हें आपणांस ठाऊक असेल. पण शब्दांशीं खेळणाऱ्या या पंडितानें उतारवयांत देवाची करुणा भाकली, तेव्हां त्या काव्याला नांव काय दिलें? ‘केकावलि’. केका म्हणजे मोराचा आर्त स्वर. आणि मोरोपंत तर स्वतःस मयूर म्हणवीत. आपल्या नांवावरील ही कोटी ऐकून हंसूं येत नाहीं, गहिंवर येतो. श्लेष म्हणजे नेहमीं थट्टाच, ही समजूत या एका नांवानें खोटी ठरते.

छापखान्याच्या युगांत कोटी घरोघर पोहोंचविली ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) यांनीं. त्यांचे सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट अंध रूढींची खिल्ली उडवीत महाराष्ट्रभर हिंडलें. ‘सुदाम्याचे पोहे’ या पुस्तकांत पुढें बत्तीस लेख झाले, तेव्हां त्याला ‘साहित्य-बत्तिशी’ असेंहि नांव मिळालें. लेखांची संख्या तीच आणि हंसतांना दिसणाऱ्या दांतांची संख्याहि तीच! त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी (1885–1919) यांनीं कवितेसाठीं ‘गोविंदाग्रज’ व विनोदासाठीं ‘बाळकराम’ अशीं दोन नांवें घेतलीं. त्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांत तळीरामाचें ‘आर्य मदिरा मंडळ’ प्रेक्षकांना लोटपोट हंसवितें, आणि पुढच्याच प्रवेशांत सिंधूचें दैन्य पाहून तेच प्रेक्षक डोळे पुसतात. गडकऱ्यांचीं पात्रें नको तेथें कोट्या करतात, गंभीर प्रसंगाचीहि त्यांना भीड नसते, असा आक्षेप रसिकांनीं वारंवार घेतला आहे. त्याकडे मी पुन्हां येणार आहें. पु. ल. देशपांडे (1919–2000) यांना तर लोकांनीं ‘कोट्याधीश’च करून टाकलें, आणि ही पदवी हीच एक कोटी आहे.

इतकें असूनहि विद्वानांनीं कोटीला पाटावर कधीं बसविलें नाहीं. रोमचा वक्ता सिसेरो म्हणतो कीं, द्व्यर्थी शब्दांच्या विनोदाची चतुर म्हणून वाहवा होते, पण त्यानें फार मोठें हंसूं येत नाहीं. शेक्सपिअर कोटीच्या मोहापायीं सारें जग गमावून बसला, असा शेरा डॉक्टर जॉन्सननें 1765 सालीं मारला. त्यापूर्वीं 1711 सालीं ॲडिसननें ‘स्पेक्टेटर’ पत्रांत एक कसोटी सांगितली होती : विनोद दुसऱ्या भाषेंत उतरवून पाहा, उतरला तर तो अस्सल, नाहींसा झाला तर ती नुसती शब्दकोटी. ही कसोटी अगदीं बिनचूक आहे. मात्र तिच्यांतून निघणारा निकाल मला मान्य नाहीं, आणि त्याचें कारण आमच्या भागाच्या इतिहासांत आहे.

माझ्या वडिलांचें बाळपण निजामी राज्यांत गेलें. बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारी. कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच होतें. वडील गणित उर्दूंत शिकले, अर्ज उर्दूंत लिहीत, आणि सरकारी कागद उर्दूंत वाचीत. उर्दूवर त्यांचा राग नव्हता. त्या भाषेंतहि कोटीला मान आहे. तिला तेथें ‘ईहाम’ म्हणतात. ज्या वलीच्या काव्याची प्रेरणा घेऊन दिल्लीच्या कवींनीं अठराव्या शतकांत ईहामाचा ध्यास घेतला, तो वली तर औरंगाबादचा म्हणून ओळखला जातो. परंतु शाळेंत जें जें शिकावें तें तें परक्या शब्दांत उतरवावें लागे. उतरत नसे ती एकच वस्तु : घरांतली कोटी. संध्याकाळीं ओसरीवर कोणी विचारी, “आज वार कोणता?” आजोबा म्हणत, “अजून कोणावर केला नाहीं.” ॲडिसनच्या कसोटीला ही कोटी मुळींच उतरणार नाहीं. नेमक्या त्याच कारणानें ती आमच्या मालकीची राहिली. 17 सप्टेंबर 1948 रोजीं निजामी राजवट संपली, तोंवर आमच्यासारख्या घरांतली मराठी अशा कोट्यांत, जात्यावरच्या ओव्यांत आणि उखाण्यांत खेळती राहिली होती.

पुढें वडिलांनीं किराण्याचें दुकान घातलें. कोणी विचारलें, “यंदां देव पावला का?” तर म्हणत, “पावला, पण पावशेरच!” आमच्याकडून कर्नाटकाची सीमा जवळ, आळंदकडचीं कानडी बोलणारीं गिऱ्हाइकें दुकानांत येत. कानडींत दुधाला ‘हालु’ म्हणतात. एखादी बाई ‘हालु’ म्हणाली, कीं वडील विचारीत, “कोणाचे हाल, बाई?” पहिल्यांदां ती गोंधळे, अर्थ सांगितल्यावर हंसे, आणि पुढच्या खेपेस आपण होऊन म्हणे, “आज हाल नाहींत, अण्णा!” अशा रीतीनें ती एक मराठी शब्द शिकली आणि आम्ही एक कानडी.

आतां गडकऱ्यांवरील त्या आक्षेपाकडे वळतों. 30 सप्टेंबर 1993 रोजीं, आदल्या रात्रीं गणपतिविसर्जन करून लोक झोंपले असतां, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आमच्या जिल्ह्यांत हजारों माणसें दगडामातीच्या भिंतींखालीं गेलीं. आज लोहारा तालुक्यांत असलेलें सास्तूर उद्ध्वस्त झालें. आमच्या घराची मागची भिंत कोसळली व पुढच्या भिंतींना तडे गेले. आम्ही अंगणांत ताडपत्रीखालीं राहूं लागलों. वडिलांचे सास्तूरकडील जुने स्नेही गेले होते. चार दिवस ते कोणाशींहि बोलले नाहींत. पांचव्या दिवशीं त्यांचें एक जुनें कानडी गिऱ्हाईक ज्वारीचें पोतें घेऊन आलें. त्या गृहस्थानें पडक्या भिंतीकडे हात करून हलकेंच विचारलें, “मने?” कानडींत घराला ‘मने’ म्हणतात. वडिलांनीं त्याच्याकडे पाहिलें आणि म्हणाले, “मने पडलें. मनें पडलीं नाहींत.” कोणीहि हंसलें नाहीं. त्यानें वडिलांचा हात धरला, आणि मग दोघेहि रडूं लागले. गंभीर प्रसंगीं कोटी करूं नये, असें मीं वर्गांत पुष्कळदां शिकविलें होतें. त्या दिवसानंतर तें शिकविणें मीं सोडून दिलें.

पैठणच्या त्या राजाची गोष्ट आतां पुन्हां आठवून पाहा. तेथें ज्याला शब्द कळला नाहीं तो एकटा पडला, आणि बाकीचे त्याला हंसले. दरबारची कोटी अशी असते : ती ऐकणाऱ्याची परीक्षा घेते. कोणाच्या नांवावर, जातीवर किंवा व्यंगावर केलेली कोटीहि त्याच जातीची. तींत एकाला बाहेर काढून इतरांनीं हंसावयाचें असतें. घरांतली पांचट कोटी मात्र मुद्दाम सोपी असते. पांच वर्षांच्या मुलाला ती कळते, परगांवच्या गिऱ्हाइकाला कळते, अर्धवट मराठी येणाऱ्यालाहि कळते. ती कोणालाच नापास करीत नाहीं. कपाळाला हात लावणें हीसुद्धां तिला दिलेली दादच होय; कारण जो हात लावतो, त्याला दोन्ही अर्थ कळलेले असतात. तिच्यांत चातुर्य थोडें असतें, म्हणूनच तिच्यांत सर्वांना जागा मिळते. तिचें आकर्षण मला यांत दिसतें.

एका गोष्टीचें मात्र वाईट वाटतें. कोटी दोन अर्थांवर उभी असते. त्यांतला एक मेला, कीं तीहि मरते. 1958 पासून मेट्रिक वजनें हळूहळू रूढ झालीं, आणि शेर बाजारांतून गेला. परवां माझ्या नातीला मीं ‘पावशेर’ देवाची गोष्ट सांगितली. ती पुण्यास इंग्रजी शाळेंत शिकते. तिनें विचारलें, “पावशेर म्हणजे किती?” मग मीं शेर, अच्छेर, पावशेर, छटाक असा सगळा हिशेब मांडला, आणि हिशेब पुरा झाला तेव्हां हंसण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें. ‘देव पावणें’ म्हणजे काय, हेंहि निराळें सांगावें लागलें. मी थोडा खट्टू झालों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी पूजेला बसलों असतां ती दारांत येऊन उभी राहिली आणि तिनें विचारलें, “आजोबा, आज वार कोणता?” भिंतीवर दिनदर्शिका तिच्या डोळ्यांसमोर होती. उत्तर तिनें माझ्याकडून दहा वेळां ऐकलेलें होतें. तरी ती ओंठ दाबून, माझ्या तोंडाकडे पाहत, वाट बघत उभी होती. मीं हातांतली घंटा खालीं ठेविली आणि तिला तें उत्तर दिलें.